झाडावर चढणाऱ्याची कडी : कॅराबिनरचा आकार कसा निवडावा

चैत्र-वैशाखात ठाणे जिल्ह्यात जितकी माणसे झाडांवर चढतात, तितकी वर्षाच्या इतर कोणत्याही महिन्यांत चढत नसतील. मुरबाड-शहापूरकडे आंबा उतरविण्याची घाई असते. भिवंडी-कल्याणच्या वाड्यांतून नारळाच्या सुक्या झावळ्या काढावयाच्या असतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत तर पहिला पाऊस येण्यापूर्वी रस्त्यांवरील आणि गृहसंस्थांच्या आवारांतील वर्षावृक्ष, गुलमोहर व सोनमोहर यांच्या फांद्या छाटण्याचे काम एकाच वेळी सर्वत्र निघते. या शहरी कामासाठी येणारे पुष्कळसे हात जिल्ह्यातील खेड्यांतूनच आलेले असतात. घरी आंबा उतरविणारा तरुण चार दिवस शहरात रोजावर जातो आणि तेथे त्याच्या कमरेला एक नवा पट्टा व त्या पट्ट्याला एक लोखंडी आकडा बांधला जातो. प्रस्तुत लेख त्या आकड्याविषयी आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात डोंबिवलीतील एका गृहसंस्थेच्या आवारात वर्षावृक्षाची छाटणी पाहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. झाडावर विशीतील एक तरुण होता. कंत्राटदाराने दिलेला पट्टा त्याने बांधला होता. पट्ट्याचा दोर खोडाभोवती फिरवून आकड्याने कमरेच्या कडीत अडकविला होता. खोडाला वळसा घालून तो पलीकडच्या अंगाला जाऊ लागला, तेव्हा पूर्वी छाटलेल्या फांदीचे एक खुंट आकड्याच्या जिभेवर नेमके दाबले गेले. जीभ आत गेली, कडी सुटली आणि दोर मोकळा झाला. तो पडला नाही, याचे कारण घरून आणलेला काथ्याचा जुना दोर त्याने सवयीने वरच्या बेचक्यातून काखेखाली घेऊन ठेवला होता. खाली उतरल्यावर त्याने प्रथम आकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आकडा कोठेही मोडला नव्हता, वाकलाही नव्हता. तो उघडला होता, इतकेच.

या गोष्टीत आमच्या विषयाचे मर्म आले. आपण कडी विकत घेताना ती किती वजन पेलते एवढेच विचारतो. वजन तर बहुतेक चांगल्या कड्या बैलगाडीचेही पेलतील. खरा प्रश्न असा की, काम चालू असताना ती कडी कोणत्या अंगावर फिरेल, दोर तिच्या कोणत्या भागावर येऊन बसेल आणि तिचे दार कशाने उघडेल. या तिन्ही गोष्टी बव्हंशी तिच्या आकारावर व दारावर अवलंबून असतात.

जुनी विद्या आणि नवी कडी

आपल्याकडे झाडावर चढण्याची विद्या जुनी आहे. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर ताडमाडावर चढून ताडी काढणारे भंडारी, जंगलपट्ट्यातून मध व फळे उतरविणारे कातकरी व ठाकूर यांचे पायांतील दोराचे कडे आणि कमरेचा दोर ही साधने पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने घडलेली आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. वर सांगितलेला तरुण त्या विद्येमुळेच वाचला. तथापि जुन्या पद्धतीत माणसाचा सारा भार त्याच्या हातापायांवर असतो, दोर केवळ आधाराला असतो. आता करवत, कोयता किंवा यांत्रिक करवत घेऊन तासन्‌तास फांद्या कापावयाच्या, तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि शरीराचा भार दोरावर सोडता आला पाहिजे. भार दोरावर आला की, दोर, पट्टा व झाड यांना जोडणारी कडी ही जीव तोलणारी वस्तू ठरते.

या कडीला कॅराबिनर असे नाव आहे. युरोपातील घोडेस्वार आपली कार्बाइन बंदूक पट्ट्याला ज्या आकड्याने अडकवीत, त्या आकड्याच्या जर्मन नावावरून हा शब्द आला. १९१० च्या सुमारास म्युनिकच्या ओटो हर्झोग या गिर्यारोहकाने तो कड्यांवर चढण्याच्या कामी आणला, असे मानले जाते. आपल्या जिल्ह्यात माहुलीचे सुळके, गोरखगड, मलंगगड येथे प्रस्तरारोहण करणाऱ्या मंडळींना ही कडी चांगली परिचयाची आहे आणि तिच्याविषयी कोणास काही विचारावयाचे असल्यास ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गिर्यारोहकांइतका जवळचा जाणकार दुसरा मिळणार नाही. मात्र एक भेद त्यांच्याकडून शिकताना ध्यानात ठेवावा. कड्यावर चढणाऱ्याचा भार कडीवर क्वचितच, म्हणजे तो पडला तरच येतो. त्याला पटकन अडकविता येणारी, हलकी, साध्या दाराची कडी अनेक ठिकाणी चालते. झाडावरचा माणूस दिवसभर कडीवर लोंबकळत असतो, हलत असतो, वळत असतो आणि त्याच्या कडीला काटक्या, साल व दोर सतत घासत असतात. म्हणून गिर्यारोहकाची प्रत्येक कडी झाडाच्या कामाला योग्य असतेच असे नाही.

कडीचे अवयव

कडी हातात घेऊन पुढील वर्णन वाचावे, म्हणजे समजण्यास सोपे जाईल. कडीची एक लांब बाजू अखंड धातूची असते. तिला आपण पाठ म्हणू. समोरची बाजू बिजागरीवर आत उघडते व कमानीने आपोआप मिटते. ते दार होय. दार जेथे जाऊन टेकते ते कडीचे नाक. कडीची शक्ती पाठीत असते. दार हा तिचा दुबळा भाग आहे आणि दार उघडे राहिले तर कडी ही कडी राहत नाही, नुसता आकडा होतो.

चांगल्या कडीच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा कडी उभी, दार बंद असताना ती किती ताण सोसते हे सांगतो. दुसरा, ताण आडवा म्हणजे दारावर व पाठीवर आला तर किती. आणि तिसरा, दार उघडे असता किती. हे माप किलोन्यूटनमध्ये असते. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो वजनाचा भार, असे समजावे. युरोपच्या गिर्यारोहण मानकानुसार अंडाकृती कडीने उभा ताण निदान १८ आणि इतर सामान्य आकारांच्या कड्यांनी निदान २० किलोन्यूटन सोसला पाहिजे. आडव्या ताणाची अपेक्षा मात्र अवघी ७ किलोन्यूटन आहे. म्हणजे जी कडी उभी दोन टन पेलते, तीच आडवी झाली की तिची शक्ती जेमतेम एक तृतीयांश उरते.

सात किलोन्यूटन म्हणजे सातशे किलोंहून अधिक. मग साठ किलोंच्या माणसाला भीती कसली, असे कोणी म्हणेल. येथे थोडा हिशेब करावा. दोर सैल राहिल्यामुळे साठ किलोंचा माणूस एक मीटर खाली आला आणि दोराने त्याला पुढच्या दहा सेंटीमीटरमध्ये थांबविले, असे समजू. एकूण एक मीटर दहा सेंटीमीटरांची पडझड दहा सेंटीमीटरांत थोपवावयाची, म्हणजे अकरा पट. साठ गुणिले अकरा, सहाशे साठ किलो, सुमारे साडेसहा किलोन्यूटन झाले. आणि ही सरासरी आहे, झटक्याचा कळस याहूनही वर जातो. केवळ कमरेएवढ्या उंचीची ही पडझड आडव्या कडीला तिच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. दोर सैल ठेवू नये आणि कडी आडवी होऊ देऊ नये, हे दोन नियम या एका हिशेबातून निघतात.

आकार

अंडाकृती कडीची दोन्ही टोके सारखी गोल असतात. तिच्यात दोर आपोआप मध्यावर येऊन बसतो, त्यामुळे भार पाठ व दार या दोहोंवर सारखा वाटला जातो. हाच तिचा दोष आणि हाच तिचा गुण. दोष असा की, दुबळ्या दारालाही अर्धा भार उचलावा लागतो, म्हणून सारख्याच जाडीच्या इतर कड्यांपेक्षा ती कमी ताण सोसते. गुण असा की, तिच्यात घातलेली वस्तू एका बाजूला कलत नाही. कप्पी अडकविली तर कप्पी सरळ राहते, दोर कप्पीच्या कडेला घासत नाही. मुख्य दोरावर बारीक दोराची प्रुसिकसारखी आवळगाठ मारून तिच्या दोन्ही शेपट्या या कडीत घेतल्या, तर दोन्ही शेपट्यांवर ताण सारखा येतो आणि गाठ सुरळीत सरकते व सुरळीत धरते. फांदीवरून टाकलेल्या हलत्या दोरावर चढउतार करणाऱ्याला गाठीच्या व कप्पीच्या जागी अंडाकृती कडीसारखी दुसरी सोय नाही. पूर्वी ती कमजोर म्हणून मागे पडली होती; आता जाड घडणीच्या अंडाकृती कड्या २४ किलोन्यूटनांपर्यंतही मिळतात.

इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कडीत पाठ सरळ व दाराची बाजू फुगीर असते. तिच्यात दोर घसरून पाठीच्या कोपऱ्यात बसतो, भार पाठ घेते, दाराच्या वाट्याला थोडाच येतो. म्हणून सारख्या वजनात ही सर्वांत बळकट. या कडीचे एक टोक थोडे रुंद व दुसरे निमुळते केले की, तिरका डी होतो. त्याचे दार अधिक उघडते आणि हातमोजे घातलेल्या हातांनाही तो अडकविता येतो. खोडाभोवती फिरविलेला कमरेचा दोर पट्ट्याच्या बाजूच्या कडीत जोडण्यासाठी हा आकार उत्तम. फक्त एक सावधगिरी हवी : या कडीचा जोर दोर पाठीलगत बसण्यावर अवलंबून आहे. रुंद पट्टी तिच्यात घातली की पट्टीचा अर्धा भाग दाराकडे पसरतो आणि मग तिच्या पाठीवर कोरलेला आकडा खरा धरता येत नाही. रुंद पट्टीसाठी रुंद तळाची कडी किंवा पट्टीला शिवलेली धातूची कडी असावी.

तिसरा आकार पेरूसारखा : एक टोक चांगले रुंद व गोल, दुसरे निमुळते. या कडीवर पुष्कळदा वर्तुळात इंग्रजी एच हे अक्षर कोरलेले असते. तिचा जन्मच एका विशिष्ट गाठीसाठी झाला. दोर कडीभोवती अर्धा वळसा घालून असा घ्यावयाचा की, तो एका हाताने आवळला असता थांबेल व सैल सोडला असता हळूहळू सरकेल. ही गाठ उलटीसुलटी होण्यास जागा लागते आणि ती जागा रुंद टोकातच मिळते. कापलेली लहान फांदी दोराने सावकाश खाली सोडणे, अडकलेल्या माणसाला खाली उतरविणे, दोन-तीन दोरांच्या गाठी एका ठिकाणी एकत्र करणे, या कामी पेरूच्या आकाराची कडी घ्यावी. या आकाराचा मोह मोठा असतो, कारण ती हाताला सोयीची वाटते व तिच्यात काहीही मावते. परंतु कमरेच्या कडीत ती कायमची ठेवणे चुकीचे. जागा ऐसपैस असल्यामुळे ती माणसाच्या हालचालीसरशी फिरते आणि केव्हा आडवी झाली हे त्याला कळत नाही.

हे शब्दांनी पटत नाही, डोळ्यांनी पटते. मुरबाड तालुक्यातील एका वाडीत आम्ही आंब्याच्या आडव्या फांदीवर दोर टाकून चढणाऱ्या दोघांना जमिनीपासून हातभर उंच लोंबकळत ठेवले. एकाच्या कमरेला तिरक्या डी आकाराची कडी होती, दुसऱ्याच्या पेरूच्या आकाराची. दहा मिनिटे त्यांनी फांद्या छाटण्याचा अभिनय केला, वळले, मागे झुकले, पाय झाडाला लावून दूर झाले. थांबल्यावर पाहिले, तो डी जागच्या जागी होता. पेरूच्या आकाराची कडी पुरती आडवी होऊन दोर तिच्या दारावर येऊन बसला होता. ज्याच्या कमरेला ती होती, त्याला काहीच जाणवले नव्हते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व्याख्यानाऐवजी हा प्रयोग करावा. त्याला खर्च नाही आणि उंची हातभरच असल्याने धोकाही नाही.

दार

आकार कितीही योग्य असला तरी दार साधे असेल, तर डोंबिवलीच्या त्या आकड्यासारखी गत होते. साध्या दाराला एक दाब पुरतो. झाडावर दाबणाऱ्या वस्तू हजार. मळसूत्री दारात नळी आट्यांवर फिरवून दार कुलूपबंद करतात. हे एकाच जागी स्थिर राहणाऱ्या कडीला ठीक आहे. परंतु दोर नळीवरून घासत गेला तर तोच दोर आटे उलटे फिरवून कुलूप उघडू शकतो. शिवाय घाईत नळी फिरविण्याचे विसरते. अशी कडी वापरणे भाग असेल, तर नळी बंद होताना खालच्या दिशेने फिरत जाईल अशी ती लावावी. मग हिसक्यांनी नळी उतरली तरी ती बंद होण्याच्या बाजूलाच उतरते.

माणसाचा जीव ज्या कडीवर आहे, तेथे तीन हालचालींशिवाय न उघडणारे व सोडताच आपोआप बंद होणारे दार घ्यावे. यात नळी आधी सरकवावी लागते, मग फिरवावी लागते, मग दार आत दाबावे लागते. फांदी किंवा दोर यांच्याकडून या तीन गोष्टी क्रमाने घडणे जवळजवळ अशक्य. केवळ फिरवून उघडणारी दोन हालचालींची कडी यापेक्षा कमी प्रतीची समजावी, कारण फांदीला टेकून घसरताना नळी फिरणे व दार दाबले जाणे एकाच झटक्यात होऊ शकते. कडी लावल्यावर दार बोटांनी आत दाबून पाहावे. उघडले नाही तरच भार टाकावा. ही सवय नव्या माणसाला पहिल्या दिवशी लावावी लागते, नंतर लागत नाही.

नाकाकडेही पाहावे. काही कड्यांच्या नाकाला खाच असते व दाराचा खिळा त्या खाचेत बसतो. अशा खाचेत दोराचा फासा अडकून दार अर्धवट उघडे राहण्याची भीती असते. गुळगुळीत नाकाची कडी थोडी महाग पडते, पण ती घ्यावी.

कोठे कोणती

नारळाच्या झाडाला फांद्या नाहीत. दोर टाकावयाला बेचके नाही, म्हणून खोडाभोवतीचा दोर हाच आधार आणि तो खोडावर खाली घसरू नये म्हणून खोडाला त्याचा दुहेरी वेढा असावा. येथे पट्ट्याच्या बाजूच्या कडीत तिरक्या डी आकाराची, तीन हालचालींच्या दाराची कडी योग्य. ती खोडाच्या अंगावर दाबली जाईल इतका दोर आखूड ठेवू नये. कडीची पाठ खोडाच्या गोलाईवर टेकून मधोमध वाकली, तर त्या ताणासाठी ती घडविलेलीच नसते. झावळ्यांच्या खाली पोहोचल्यावर एक दोर सोडून दुसरा लावण्याची वेळ येते. दुसरा लागल्याशिवाय पहिला काढावयाचा नाही, म्हणून दोन दोर व दोन कड्या हव्यात. नारळ विकास मंडळाने २०११ साली नारळावर चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला असून, त्यात पायांनी चालविण्याचे चढण्याचे यंत्र शिकवितात. अशा यंत्रावर चढणाऱ्यानेही आपला वेगळा दोर व कडी ठेवावी. मंडळाचे या राज्यासाठीचे केंद्र ठाण्यातच आहे आणि पालघरजवळ त्याचे प्रात्यक्षिक व रोपनिर्मिती क्षेत्र आहे. इच्छुकांनी तेथे प्रशिक्षणाची व चढणाऱ्यांच्या केरा सुरक्षा विमा योजनेची चौकशी करावी.

वर्षावृक्ष, चिंच, जुना आंबा अशा पसरलेल्या झाडांवर दोर वरच्या बेचक्यातून टाकावा. बेचके जिवंत, खोडालगतचे, निदान १० सेंटीमीटर व्यासाचे असावे. गुलमोहर व शेवगा यांच्या फांदीवर भरवसा ठेवून कोणी वृद्ध झालेला आम्ही पाहिलेला नाही. येथे गाठीला व कप्पीला अंडाकृती, कमरेच्या बाजूला डी, आणि खांद्याच्या पिशवीत एक पेरूच्या आकाराची जादा, अशा तीन प्रकारच्या कड्या असल्या की बहुतेक कामे निभावतात. कडीत कडी अडकवून साखळी मात्र करू नये. दोन कड्या एकमेकींवर पिळल्या गेल्या की एक दुसरीचे दार तरफेसारखे उचकटते.

आंबा उतरविणाऱ्यास आणखी एक सांगणे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला हाती असेल, तर पुष्कळशी फळे जमिनीवरूनच देठासह उतरतात. जेथे चढणे टळते तेथे कोणत्याच आकाराचा विचार करावा लागत नाही.

विजेच्या तारेजवळच्या झाडावर धातूची कडी व ओला दोर घेऊन चढणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय. महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत खालीच थांबावे. शहरांत छाटणीपूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, कारण १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम तेथे लागू आहे. पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. आणि एकट्याने चढू नये. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साचून तो थोड्याच वेळात बेशुद्ध होऊ शकतो. त्याला तत्काळ खाली आणता येईल असा दुसरा जाणता माणूस, दुसरा दोर व ती पेरूच्या आकाराची कडी खाली तयार असावी.

धातू, चीक आणि खारा वारा

कड्या पोलादी असतात किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या. पोलादी कडी वजनाला दुप्पट-तिप्पट भरते, पण सहजासहजी झिजत नाही. तारेचा गाभा असलेल्या दोराशी किंवा ज्या जागी धातू धातूवर सतत घासतो तेथे पोलादीच घ्यावी. अंगावर बाळगावयाच्या इतर कड्या ॲल्युमिनियमच्या चालतात. आपल्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत पोलादाला तांबेरा व ॲल्युमिनियमला पांढरट भुकटी धरते. दोन्ही प्रथम बिजागरीत व नळीच्या आत सुरू होतात, जेथे दिसत नाहीत.

याहून मोठा शत्रू चीक होय. फणस व आंबा यांचा चीक नळीत शिरून वाळला की आपोआप बंद होणारे दार बंद होत नाही. ते अर्ध्यावर थांबते आणि लांबून मिटल्यासारखे दिसते. फणस कापताना आपण हाताला खोबरेल लावतो. कडीचा चीकही खोबरेलानेच सुटतो. परंतु तेल राहिले तर धूळ धरते, म्हणून नंतर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून जुन्या दात घासण्याच्या कुंचल्याने बिजागरी व नळी धुवावी, सावलीत पुरती वाळवावी, बिजागरीत यंत्रतेलाचा एक थेंब सोडून उरलेले पुसून घ्यावे. तेल किंवा रॉकेल दोराला लागू देऊ नये. हे सारे दर हंगामात दोनदा नव्हे, तर चिकाच्या झाडावर काम झाले त्याच संध्याकाळी करावयाचे आहे.

खरेदी करताना बाजारातील किल्ल्यांच्या जुडग्याला लावण्याच्या रंगीत कड्यांपासून सावध राहावे. त्यांचा आकार हुबेहूब खऱ्या कडीसारखा असतो आणि मुले त्यावर झोके घेताना आम्ही पाहिली आहेत. ज्या कडीवर ताणाचे आकडे व मानकाची खूण कोरलेली नाही, ती माणसासाठी घेऊ नये. पट्टा घेताना भारतीय मानक ३५२१ ची खूण पाहावी. एका कुटुंबाला संपूर्ण संच परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. गावातील चार-पाच चढणाऱ्यांनी किंवा बचत गटाने एक संच घ्यावा, प्रत्येक कडीवर रंगाची खूण करावी आणि एका वहीत खरेदीची तारीख, वापराचे दिवस व पडझड लिहून ठेवावी. कडी कोणाच्या हाती होती हे माहीत नसेल, तर ती कोठून पडली हेही माहीत नसते.

कडी केव्हा टाकून द्यावी याचे नियम थोडेच आहेत. दोर घासून तिला नखाला जाणवेल अशी, एक मिलिमीटरएवढी खोल खाच पडली. दार धुऊन, तेल देऊनही आपोआप मिटत नाही. नाक व दार एका रेषेत येत नाहीत. कोठे भेग, वाक किंवा खोल तांबेरा दिसतो. मोठ्या पडझडीचा झटका तिने सोसला आहे. किंवा ती उंच झाडावरून दगडावर वा सिमेंटवर पडली आहे. शेवटच्या दोन प्रसंगी कडी बाहेरून कोरी दिसेल, तरीही ती बाद समजावी. बाद कडी करवतीने कापून दोन तुकडे करावी. आपल्या घरांत लोखंडाचा तुकडा कोणी फेकून देत नाही. न कापलेली कडी प्रथम म्हशीच्या दाव्याला लागते, मग मोटारसायकलवरचे गवत बांधण्याला, आणि एखाद्या घाईच्या सकाळी चांगली कडी सापडत नाही म्हणून पुन्हा कोणाच्या तरी कमरेला लागते.